आठ हातांची खुर्ची



आमच्या घराच्या दारात एक खुर्ची असते. कुणी पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला, “कुठून आणली?” आम्ही सांगतो, “आणली नाही, केली.” मग दुसरा प्रश्न येतो, “कुणी केली?” या दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला शिकेपर्यंत आमचे बरेच दिवस गेले. मधल्या काळात आम्ही चुकलो, एका कष्टाळू बाईचे मन दुखावले आणि थोडेफार शहाणेही झालो. घरातली गोष्ट चारचौघांत का सांगावी, असे आधी वाटले होते. पण आपल्या वस्त्यांमध्ये हातात कला असलेली माणसे घरोघर आहेत. त्यांतल्या कुणाला उपयोग झाला तर व्हावा, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. एकाचा हात रंध्यावर बसलेला, दुसरीचा शिलाई मशीनवर. सुतारकाम आमच्या घराण्यात नव्हते. आजोबांच्या वाट्याला गावात येसकरकी होती. त्यांच्या हातात कुणी रंधा दिला नसता आणि त्यांनी केलेला पाट कुणी घरात घेतला नसता. मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागल्यावर मिस्त्रीच्या हाताकडे बघून बघून काम शिकता आले. शिवणकाम समाजमंदिरातल्या वर्गात शिकलेले. त्या वर्गाच्या जोरावर दोन मुलांच्या शाळेची फी निघाली.

तीन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात आणि डावा पाय गेला. जन्मभर बांधकामावर घमेली वाहिलेली बाई. तिला पडून राहणे सहन होईना. “मला दारात बसवा. माणसं दिसू द्या,” एवढेच तिचे मागणे. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले की दहा मिनिटांत ती डावीकडे कलंडायची. उशा लावल्या, ओढणीने बांधून पाहिले. बांधले की ती रडायची. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नीट समजावून सांगितले. बसताना कंबर मागे टेकली पाहिजे, गुडघे काटकोनात आणि दोन्ही तळपाय टेकलेले पाहिजेत. निकामी हाताला खालून आधार नसेल तर त्याच्या वजनाने खांदा ओढला जातो. पट्टा लावलाच तर तो पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. दुकानात तशा तयार खुर्चीची किंमत विचारली आणि आम्ही नमस्कार करून परत फिरलो.

घरात सुतार असताना विकत कशाला घ्यायची, असाही एक ताठा होता. मोडलेल्या दाराची सागवानी चौकट मिळाली होती, तिची खुर्ची केली. बैठक प्लायवूडची. काम चोख झाले, गुण्या लावून बघावे असे. आईला बसवले, तर ती म्हणाली, “पेटीत ठेवल्यासारखं वाटतंय रे.” तासाभराने उठवले तेव्हा मांडीमागे कातडी लाल झाली होती. मग फोमची गादी करून वर रेक्झिन चढवले. त्यात घाम साचला. सुताराचे काम चोख, शिवणारीचे काम चोख आणि मधल्या मध्ये आईचे हाल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी सुपे, टोपल्या विणतात. मूळच्या सोलापूरकडच्या, बुरूडकाम करणाऱ्या. दळण आणायला जाताना रोज दिसायच्या. ‘काय मावशी’, ‘काय ताई’, एवढीच ओळख. एकदा सूप द्यायला त्या दारात आल्या आणि कलंडलेल्या आईकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ताई, आजींना सुपात बसवा.” आम्हाला वाटले, थट्टा करतात. तर त्यांनी हातातले सूप उभे धरले. “हे बघा. सूप तीन बाजूंनी धरतं आणि चौथीनं सोडतं. आजींना तसंच पाहिजे. मागून धरलं, दोन्ही बाजूंनी धरलं, पुढं मोकळं. आणि बांबूतून वारा जातो.”

वाचकहो, आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. आठ दिवस आम्ही कागदावर आकृत्या काढत होतो आणि उत्तर रोज तांदूळ पाखडत होते.

पण सूप आणि खुर्ची यांची गाठ कशी घालायची? लाकूड ताठ, बांबू लवचीक. तेव्हा कार्ल्याची आठवण झाली. मुले लहान असताना मळवली स्टेशनावर उतरून आम्ही कार्ल्याची लेणी पाहायला गेलो होतो. तिथल्या चैत्यगृहात मान वर केली की दगडी छताला लाकडाच्या कमानी बसवलेल्या दिसतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लाकूड अजून जागच्या जागी आहे. छत अखंड कातळाचे, त्याला लाकडाच्या टेकूची गरज नाही. पण आधीची चैत्यगृहे लाकडाची असत. डोळ्यांना आणि मनाला तो आकार सवयीचा होता, म्हणून दगड फोडणाऱ्यांनी सुतारांना सोबत घेतले. तिथे प्राकृत भाषेतला एक लेख असाही आहे की, दर्शनी दाराचे काम धेनुकाकट या गावच्या एका सुताराने केले. कातळाच्या लेण्यात सुताराचे नाव!

पुढे एकदा समाजातल्या मंडळींबरोबर सांचीला जायचा योग आला. स्तूपाभोवतीचे दगडी कुंपण बघून आमच्यातला सुतार जागेवरून हलेना. उभ्या दगडी खांबांना भोके पाडून त्यांत आडवे दगड बसवले आहेत, अगदी लाकडी कुंपणाला बसवतात तसे. आम्ही ज्याला कुसू आणि साल म्हणतो तो सांधा, पण दगडात. आणि दक्षिणेकडच्या तोरणावर ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. त्याचा अर्थ असा की, इथले कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केले. दंतकार म्हणजे हस्तिदंतावर कोरणारे कारागीर. विदिशा तिथून जेमतेम दहा किलोमीटर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले हे काम. बोटभर हस्तिदंतावर नक्षी काढणारा हात त्यांनी पुरुषभर दगडावर चालवला. म्हणून त्या तोरणावरची माणसे, हत्ती, झाडे इतकी दाटीने आणि इतकी बारीक कोरलेली आहेत. सुताराचा सांधा, दंतकाराची नक्षी आणि पाथरवटाचा दगड, एवढे सगळे त्या एका जागी एकत्र आले आहे.

मग आम्हीही ठरवले की चौकट लाकडाची ठेवायची आणि पाठ, बैठक, दोन्ही बाजू मावशींनी विणायच्या. चौकटीला भोके पाडायची, त्यांतून कामट्या ओवायच्या.

मापापासूनच गंमत सुरू झाली. सुतार बोलतो इंच आणि सुतांत, मावशी बोलतात वितीत, शिवणारी टेप काढते. तिघांची तीन मापे. शेवटी शिवणारीचा मुद्दा सगळ्यांना पटला. ती म्हणाली, “उभ्या माणसाचं माप वेगळं, बसल्याचं वेगळं. आईंना बसवून माप घ्या.” आम्ही आईला दोन्हीकडून धरून बसवले आणि टेप, वीत, पट्टी सगळे तिच्या अंगालाच लावले. आई हसून म्हणाली, “लग्नातसुद्धा माझं एवढं माप कुणी घेतलं नव्हतं.”

चौकटीला इंचा-इंचावर भोके पाडली. पाचव्या भोकाला जुने सागवान ताडकन चिरले. दुसरी पट्टी घेतली, तीही चिरली. त्या दिवशी स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांकडे कमरेच्या पट्ट्याचे विचारायला गेलो होतो. बोलता बोलता हे चिरण्याचे दुखणे त्यांना सांगितले. काकांनी आरी खाली ठेवली आणि एक जुनी चप्पल उचलली. “हे टाके बघा. सगळी भोकं एका ओळीत पाडली की चामडं त्याच ओळीवर फाटतं. एक वर घ्या, एक खाली घ्या.” लाकडाच्या रेषेबाबतही तेच खरे होते. तीस वर्षे रंधा मारणाऱ्याला हे चामड्याच्या कारागिराने शिकवावे लागले, हे लिहिताना आम्हाला कमीपणा वाटत नाही. भोके खालीवर पाडली, पट्टी टिकली.

पट्टाही काकांनीच केला. खिळे मारू दिले नाहीत. “खिळ्याचं भोक वाढत जातं, शिवलेलं भोक वाढत नाही,” म्हणाले. पट्ट्याच्या कडा रापीने तासून पातळ केल्या, म्हणजे आईच्या कमरेला टोचू नयेत. बकल उजव्या हाताशी लावले, तिचे तिला सोडता यावे म्हणून. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आले नव्हते. ओढणीने बांधले की ती का रडायची, हे काकांना न सांगता कळले.

विणकामाच्या वेळी मात्र आमचे चुकले. मावशींनी बांबूच्या पाठीकडच्या, सालीच्या कामट्या काढल्या. गाभ्यापेक्षा त्या चिवट असतात. एकदा विणून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आता आठ दिवस हात लावू नका. बांबू वाळला की आकसतो. मग मी येऊन पुन्हा ओढून बांधते.” पण १४ एप्रिल चार दिवसांवर आला होता. जयंतीची मिरवणूक आईला दारातून दाखवायची, हे आमच्या मनाने घेतले. मावशींना आम्ही म्हटले, “होतंय हो, आम्हाला कळतं लाकूड-बांबूचं.” त्या गप्प बसल्या.

मिरवणूक गल्लीत आली. ढोल-ताशे वाजत होते, पोरे नाचत होती. आईने उजवा हात जोडल्यासारखा कपाळाला लावला आणि त्याच क्षणी सैल पडलेली वीण खाली गेली. आई डावीकडे घसरली. पट्ट्यामुळे खाली पडली नाही एवढेच. तिला उचलून आत नेले. बाहेर बाबासाहेबांच्या नावाचा जयघोष चालला होता आणि आत आम्ही दोघे मान खाली घालून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःहून आल्या. ‘मी म्हटलं नव्हतं का’, असे एका शब्दानेही बोलल्या नाहीत. सगळी वीण उसवली, वाळलेल्या कामट्या घेऊन पुन्हा विणली, ओढून बांधली. शिवणारीने जुन्या सुती लुगड्याचे थर देऊन गोधडीसारखी बैठक शिवली. जिथे हाड टेकते तिथे शिवण येऊ दिली नाही आणि धुता यावी म्हणून ती नाड्यांनी बांधायची केली. वैशाख पौर्णिमेला आई दारात बसली. दीड तास बसली. मांडीवर सूप घेऊन एका हाताने तांदूळ निवडले. त्या तांदळाची खीर झाली. इथपर्यंत सगळे गोड.

खरी परीक्षा पुढे झाली. पलीकडच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी त्यांच्या वडिलांसाठी तशीच खुर्ची मागितली. ३२०० रुपये ठरले. लाकूड, बांबू, चामडे, कापूस, कापड, असा खर्च १६०० झाला. उरले १६००. आम्ही मावशींच्या हातावर बांबूच्या पैशांखेरीज १०० रुपये ठेवले. काकांना चामड्याखेरीज १५०. बाकीचे १३५० घरात आले. आम्हाला यात काही वावगे वाटले नाही. खुर्ची म्हणजे सुतारकाम, बाकीच्यांनी मदत केली, असा आमच्या मनाचा हिशेब.

मावशींनी पैसे कमरेला खोचले आणि गेल्या. मग त्या येईनाशा झाल्या. रस्त्यात दिसल्या तर सुपाकडे बघत विणत राहायच्या. एका संध्याकाळी आईने विचारले, “ती का येत नाही?” आम्ही हिशेब सांगितला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बांधकामावर मिस्त्रीला एक मजुरी आणि घमेल्यावाल्या बाईला अर्धी. मी मुकादमाला विचारायची, भिंत काय एकट्या मिस्त्रीनं बांधली? तुम्ही आता मुकादम झालात.”

ते वाक्य लागले. त्या रात्री आमच्यातली शिवणारीही बोलली. तिच्या बैठकीचे पैसे कुणी धरलेच नव्हते, कारण ती घरातली. तिने स्वतःही धरले नव्हते.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिले होते, जे त्यांना तिथे करू दिले गेले नाही. त्यात त्यांनी दाखवून दिले आहे की, जातिव्यवस्था कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना एकावर एक पायऱ्यांनी बसवते. हे आम्ही कितीदा ऐकले, मुलांना सांगितले. पण पायरी आमच्याच घरात होती. लाकूड वर, चामडे खाली, बांबू त्याहून खाली आणि घरातल्या बाईची सुई तर हिशेबातच नाही. गावात सुतार, चर्मकार, बुरूड आणि आमचे आजोबा यांना एका जागी बसून एक वस्तू करता आली नसती. मुंबईत ते जमले. हात एकत्र आले होते, पण आम्ही हिशेब गावचाच ठेवला होता.

जुन्नरच्या लेण्यांमध्ये एक लेख आहे. एका दात्याने आपल्या दानाची ठेव बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवल्याची त्यात नोंद आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. ज्या काळात आपल्या भूमीवर धम्म नांदत होता, त्या काळात बांबूचे काम करणाऱ्यांवर एवढा विश्वास होता की लोक त्यांच्याकडे पैसा ठेवत. आणि आम्ही धम्म स्वीकारलेली माणसे त्यांच्या वारसदार बाईच्या हातावर १०० रुपये ठेवून मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मुलीची कोरी वही घेऊन आम्ही दोघे मावशींच्या जागेवर गेलो. काकांनाही बोलावले. रस्त्याच्या कडेला बसूनच प्रत्येकाचे तास लिहिले. सुताराचे १४, मावशींचे ८, काकांचे ४, शिवणारीचे ४. मावशी म्हणाल्या, “बांबू आणायला गेले ते दोन तास कुठंयत?” ते लिहिले. मावशींचे १० झाले, एकूण ३२ तास. १६०० भागिले ३२, तासाला ५० रुपये. सुताराला ७००, मावशींना ५००, काकांना आणि शिवणारीला प्रत्येकी २००.

आमच्यातल्या सुताराने एकदा तोंड उघडले, “तीस वर्षांचा हात आहे माझा.” मावशी पटकन म्हणाल्या, “दादा, माझा बेचाळीस वर्षांचा आहे. सात वर्षांची होते तेव्हापासून कोयता धरलाय.” काका हसले, आम्हीही हसलो. तासाचा दर सगळ्यांना सारखाच राहिला. आधी दिलेले वजा करून मावशींना ४०० आणि काकांना ५० रुपये दिले. आमच्यातल्या शिवणारीने तिचे २०० हातात घेऊन दोनदा मोजले. घरातल्या घरात दिलेले पैसे, पण तिने ते वेगळ्या डब्यात ठेवले.

त्यानंतर आणखी पाच खुर्च्या झाल्या. श्रीमंत कुणी झाले नाही, मजुरी थोडीच आहे. पण प्रत्येक खुर्चीत काही नवे सुचते. एका लहान मुलीच्या खुर्चीला काकांनी पायांसाठी चामड्याचे खोबणे केले, मावशींनी पाठीत तिच्या आवडीचा रंगीत पट्टा विणला. आता आकृती काढण्याआधी चौघे बसतो आणि ज्याचा माल त्याचे म्हणणे शेवटचे मानतो. बांबू किती वाळवायचा हे मावशी ठरवतात. दिवस पुढे गेला तरी चालेल.

अशी वस्तू करणाऱ्या वाचकांना आमचे एवढेच सांगणे. एक वही घाला. काम सुरू होण्याआधीच तास लिहायला लागा, माल आणायला गेलेलेसुद्धा. घरातल्या बाईचे तास आधी लिहा, कारण तेच विसरले जातात. पैसे सगळ्यांसमोर मोजा. आणि कुणी विचारले, ‘कुणी केली?’, तर सगळी नावे सांगा.

परवा पाहुणे आले होते. त्यांनी खुर्चीवर हात फिरवला आणि विचारले, “कुणी केली हो?” आम्ही बोलायच्या आत आईनेच उजव्या हाताची चार बोटे वर केली आणि एकेक बोट मिटत चौघांची नावे सांगितली. पहिले नाव मावशींचे होते.